बोलणाऱ्याकडे वळणारी मान

ग्रामसभेत मागच्या रांगेतून कुणी 'सरपंच, माझं जरा ऐका' म्हणालं, की पुढे बसलेल्या शंभर माना एकदम मागे वळतात. वळणाऱ्यांपैकी कुणीही त्यासाठी विचार करत नाही. आवाज आला, दिशा कळली, मान फिरली, नजर माणसावर स्थिरावली. ही सगळी क्रिया अर्ध्या श्वासात उरकते. तान्ह्या मुलालाही ती येते आणि दारात झोपलेल्या कुत्र्यालाही येते. अशा क्रियेवर कुणाची मालकी असू शकते का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत अमेरिकेतील दोन कंपन्या याच्याशी अगदी लगटून असलेल्या प्रश्नावर एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. यंत्राने बोलणाऱ्याची जागा ओळखायची आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवायचा, ही युक्ती कुणाची?

शासकीय मराठीत पेटंटला 'एकस्व' म्हणतात. हा शब्द मला फार बोलका वाटतो. ज्यावर एकाचेच स्वत्व, ते एकस्व. या वादाच्या निमित्ताने मी पेटंटची भाषा बारकाईने वाचू लागलो आणि लक्षात आले, की भांडण वरवर यंत्राचे असले तरी त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. खोलीत एकाच वेळी अनेक आवाज असतात. त्यांतला खरा कोणता धरायचा, हे कोण ठरवणार? दिशा मोजणे हे त्या मानाने सोपे काम. कोणत्या आवाजाची दिशा मोजायची, हे ठरवणे अवघड. या तंत्राचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या अवघड निवडीचा इतिहास आहे.

दोन कानांमधले अंतर

सुरुवात इंग्लंडमधल्या एका हिरवळीवर झाली. लॉर्ड रॅले हा मोठा भौतिकशास्त्रज्ञ. १८७० च्या दशकात टर्लिंग येथील आपल्या घराच्या अंगणात तो डोळे मिटून उभा राही आणि माणसे त्याच्याभोवती गोल करून एकेक शब्द बोलत. आवाज कुठून आला हे त्याला बहुतेक वेळा अचूक सांगता येई. पण माणसाच्या आवाजाऐवजी नादकाटा वाजवला, की तो पुढे वाजतो आहे की मागे, हे त्याला सांगता येईना. शुद्ध, एकसुरी नाद दिशेच्या बाबतीत फसवतो. माणसाचा खरखरीत, चढउतारांचा आवाज आपला पत्ता स्वतःच सांगतो.

आपल्याला दिशा कळते कशी, याचे उत्तर रॅलेने १९०७ मध्ये दोन भागांत मांडले. उंच पट्टीचा आवाज डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला क्षीण ऐकू येतो. खालच्या पट्टीचा आवाज मात्र दोन्ही कानांत सारख्याच जोराने पोहोचतो. फरक पडतो तो वेळेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी मिळतो, डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर किती? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. माणसाच्या डोक्याच्या रुंदीचा विचार केला तर तो उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढा भरतो. आपला मेंदू याहूनही कितीतरी बारीक फरक ओळखतो. सेकंदाचे एक लाख तुकडे केले तर त्यांतल्या एका तुकड्याएवढा फरकही सरावलेल्या कानाला जाणवतो.

पण बंद खोलीत एक गोची असते. आवाज थेट तर येतोच, शिवाय भिंतीवर, छतावर, टेबलावर आपटूनही येतो. दोन मीटर जास्त वाट चालून आलेला प्रतिध्वनी थेट आवाजापेक्षा साधारण सहा सहस्रांश सेकंद मागे असतो. वेळेचा फरक मोजणारे साधन या सगळ्या आवाजांची मोजदाद करू लागले, तर त्याला माणूस भिंतीतच बसलेला दिसेल! आपण मात्र भिंतीकडे पाहत नाही. याचे कारण १९४९ मध्ये हान्स वॉलाख आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. कान पहिल्यांदा पोहोचलेल्या ध्वनिलहरीवर भरवसा ठेवतो आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्यांना दिशेच्या हिशेबात धरत नाही. त्याच वर्षी जर्मनीत हेल्मुट हास हाही बोलण्यातील प्रतिध्वनीचा अभ्यास करून जवळपास याच ठिकाणी पोहोचला होता. 'पहिले येईल त्याचे खरे' हा कानाचा न्याय. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या वादाची किल्ली यात आहे.

तोफेचा पत्ता

यंत्राकडून दिशा ओळखून घ्यायचे काम शांततेच्या काळात नव्हे, युद्धात सुरू झाले. १९१५ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग हा पंचवीस वर्षांचा तरुण ब्रिटिश सैन्याकडून पश्चिम आघाडीवर गेला होता. त्याच वर्षी त्याला वडिलांबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीत मारला गेला. ब्रॅगचे काम होते शत्रूच्या लपलेल्या तोफा आवाजावरून शोधणे. आघाडीच्या मागे काही किलोमीटरच्या ओळीत मायक्रोफोन मांडायचे, तोफेचा आवाज प्रत्येकाकडे किती उशिरा पोहोचला हे नोंदवायचे आणि त्या फरकांवरून नकाशावर तोफेची जागा काढायची, अशी पद्धत होती. भूमिती सोपी होती. पण उत्तर येईना.

अडचण पुन्हा तीच होती, म्हणजे कोणता आवाज धरायचा याची. तोफगोळा ध्वनीपेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे त्याचा कडाका आधी येऊन पोहोचतो. तोफेच्या तोंडाचा खरा धडाका त्यामागून येतो आणि तो इतका खर्जातला असतो, की साधा मायक्रोफोन त्याला दादच देत नाही. म्हणजे यंत्र नेमका नको तो आवाज धरत होते. ब्रॅगला उपाय सुचला तो अगदी घरगुती अनुभवांतून. तोफ सुटली की शौचकूपात बसलेल्या त्याच्या अंगाला हवेचा धक्का खालून जाणवे, कानाला मात्र फारसे काही ऐकू येत नसे. त्याच्या तुकडीतील टकर या सैनिकाला झोपडीच्या भिंतीतील भोकांजवळ झोपताना तोफेच्या वेळी गार वाऱ्याची झुळूक तोंडावर लागे. या दोन निरीक्षणांतून तापवलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन तयार झाला. मंद, खर्जातल्या लहरीने हवा हलली की तार गार होते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. गोळ्याच्या कडाक्याकडे तिचे लक्षच नसते. १९१६ नंतर ही पद्धत इतकी पक्की झाली, की १९१७ च्या नोव्हेंबरात कँब्रेच्या लढाईत ब्रिटिशांना जर्मन तोफांच्या जागा आधीच ठाऊक होत्या.

ब्रॅगची ही कथा मी एवढ्या विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात शोध नेमका कशाला म्हणावे हे दिसते. दोन ठिकाणी ऐकून वेळेचा फरक काढणे हे तत्त्व कुणा एकाचे नव्हते. नको तो आवाज न ऐकणारे साधन बनवणे, हा शोध होता.

बैठकीची खोली

युद्धानंतरच्या दशकांत हे गणित पाणबुड्यांच्या शोधात आणि रडारच्या कामात पुढे गेले. दोन ग्राहकांकडे आलेले संकेत एकमेकांवर सरकवून ते सर्वांत जास्त कुठे जुळतात हे पाहायचे, त्या जुळणीला सहसंबंध म्हणायचे आणि जुळणीच्या जागेवरून उशीर काढायचा, ही रीत सर्वमान्य झाली. १९७६ मध्ये चार्ल्स नॅप आणि क्लिफर्ड कार्टर यांनी गोंगाटातही हा उशीर नीट काढता यावा म्हणून तिचे एक व्यापक रूप प्रसिद्ध केले. त्यांचा निबंध या क्षेत्रात आजही आधारग्रंथासारखा उद्धृत होतो. १९८० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत जेम्स फ्लॅनगन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या सभागृहासाठी मायक्रोफोनची अशी रचना उभारली, की संगणक तिचे 'कान' बोलणाऱ्याकडे वळवत असे. मायक्रोफोन जागचे हलत नसत. प्रत्येकाच्या संकेताला योग्य तेवढा उशीर देऊन सगळ्यांची बेरीज केली, की एका दिशेचा आवाज उठून येई.

म्हणजे १९९० च्या आसपास बोलणाऱ्याची जागा शोधण्याचे गणित छापील होते, प्रयोगशाळेत चालत होते आणि ज्याला हवे त्याला वाचता येत होते. मग भांडायला काय उरले होते?

उरली होती बैठकीची खोली. दूरदृश्य बैठकीचे स्वप्न अमेरिकेत तसे जुने. एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात चित्रफोन दाखवला होता. तो बाजारात चालला नाही. खरी वाट उघडली ती चित्र आकसून साध्या डिजिटल फोनलाइनवरून पाठवण्याच्या तंत्राने. एमआयटी या संस्थेत या विषयावर काम करणाऱ्या ब्रायन हिनमन आणि जेफ्री बर्नस्टीन या तरुणांनी, आपले प्राध्यापक डेव्हिड स्टेलिन यांना सोबत घेऊन, १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एक कंपनी काढली. तीच पुढे पिक्चरटेल या नावाने प्रसिद्ध झाली. १९९० च्या दशकात दूरदृश्य बैठकीच्या धंद्यात तिचे नाव सर्वांत पुढे होते.

पण बैठकीत दहा माणसे टेबलाभोवती बसली, की पलीकडच्यांना पडद्यावर दिसत ते दहा ठिपके. कोण बोलतो आहे ते कळत नसे. जवळून दाखवायचे तर कुणीतरी रिमोट हातात घेऊन कॅमेरा सारखा फिरवत बसायचे. त्या माणसाचे बैठकीत लक्ष नसे आणि कॅमेरा पोहोचेपर्यंत बोलणाऱ्याचे वाक्य संपलेले असे. पिक्चरटेलने यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याला मायक्रोफोन जोडले आणि आवाजाच्या मागे आपोआप फिरणारी यंत्रणा आणली. नाव ठेवले लाइमलाइट. नाव ठेवणाऱ्याला नाटकाची जाण असावी. वीज येण्याआधी युरोपातल्या रंगमंचावर चुन्याचा तुकडा प्रखर ज्योतीत तापवून जो झोत पाडत, त्याला लाइमलाइट म्हणत. नटावर तो झोत पडला की बाकीचा रंगमंच अंधारात जाई.

पेटंटात काय होते

या यंत्रणेमागच्या युक्तीचे अमेरिकन पेटंट क्रमांक ५,७७८,०८२. अर्ज १९९६ चा, मंजुरी जुलै १९९८ ची. शोधकर्ते म्हणून पीटर चू आणि हाँग वांग यांची नावे आहेत. या दोघांनी १९९७ मध्ये कॅमेरा आपोआप वळवण्याच्या पद्धतीवर एक शोधनिबंधही वाचला होता. पेटंटचे शीर्षक साधे आहे: ध्वनिस्रोताची जागा ठरवण्याची पद्धत व साधन.

पेटंटचे कागद वाचणे म्हणजे जुन्या खरेदीखतातील चतुःसीमा वाचण्यासारखे आहे. वर्णन लांबलचक असते, आकृत्या असतात, पण खरी मालकी शेवटच्या क्रमांकित कलमांत असते. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुक यांची जमीन, असे म्हणावे तशी प्रत्येक कलमाची हद्द शब्दाने बांधलेली असते. या पेटंटच्या हद्दीचा गाभा थोडक्यात असा. दोन मायक्रोफोनचे संकेत छोट्या छोट्या तुकड्यांत घ्यायचे. खोलीतली स्थिर खरखर किती आहे याचा अंदाज ठेवायचा. नवा आवाज नेमका सुरू होतो तो क्षण ओळखायचा आणि त्या आरंभाच्या आसपासचेच तुकडे निवडून त्यांची तुलना करायची. त्यावरून उशीर आणि उशिरावरून दिशा.

आरंभच का? कारण आवाज सुरू होतो त्या पहिल्या क्षणी भिंतींवरून आपटलेले आवाज अजून पोहोचलेले नसतात. तेवढा निमिषभर मायक्रोफोनला शुद्ध, थेट आवाज मिळतो.

वॉलाख आणि हास यांनी १९४९ मध्ये कानाबद्दल जे सांगितले होते, ते इथे यंत्राच्या भाषेत उतरलेले दिसते. पहिले येईल त्याचे खरे. हे पाहून मी थबकलो. कारण एका बाजूने म्हणता येईल, की यात नवे काय? निसर्गाने हे हजारो पिढ्यांपूर्वी केले आहे आणि शास्त्रज्ञांनी अर्ध्या शतकापूर्वी छापले आहे. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर कानाचा न्याय ठाऊक असणे वेगळे आणि पंख्याच्या घरघरीत, कागदांच्या सळसळीत, खोकल्यांच्या मधून तो न्याय यंत्राकडून प्रत्यक्ष करवून घेणे वेगळे. आकडेमोडच पाहा. दोन मायक्रोफोनमध्ये तीस सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाजाला जास्तीत जास्त उशीर होतो तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सेकंदाला सोळा हजार नोंदी घेणाऱ्या यंत्राला त्यात जेमतेम चौदा नोंदी सापडतात. एवढ्याशा फटीतून खोलीभर बसलेल्या माणसांतला नेमका एक जण शोधायचा! ब्रॅगच्या तापल्या तारेला आपण शोध म्हणतो, तर यालाही म्हणायला हवे.

एकाच घरातून निघालेली दोन माणसे

आता प्रतिवादी. ज्या ब्रायन हिनमनने १९८४ मध्ये पिक्चरटेल काढण्यात पुढाकार घेतला, त्यानेच १९९० मध्ये पिक्चरटेलमधलाच सहकारी जेफ्री रॉडमन याच्याबरोबर दुसरी कंपनी काढली. तिचे नाव पॉलिकॉम. १९९२ मध्ये तिने बैठकीच्या टेबलावर मधोमध ठेवायचा तीन पायांचा फोन आणला. सरकारी आणि खासगी कचेऱ्यांतून तो कोळ्यासारखा दिसणारा फोन कित्येक वाचकांनी पाहिला असेल. सुरुवातीची काही वर्षे पॉलिकॉमने केवळ आवाजाचे काम केले. मग १९९८ च्या आरंभी तिने टेक्सासमधील ऑस्टिन शहरातली व्हायाव्हिडिओ ही छोटी कंपनी विकत घेतली. या छोट्या कंपनीचे संस्थापकही व्हीटेल या तिसऱ्या दूरदृश्य कंपनीतून बाहेर पडलेले. आणि व्हीटेलने आधीच, १९९७ मध्ये, गोपनीय माहिती नेल्याचा आरोप करून त्यांना न्यायालयात खेचले होते. या धंद्यात माणसे एका घरातून दुसऱ्या घरात जात आणि मागोमाग दावे जात.

खरेदीनंतर पॉलिकॉमने व्ह्यूस्टेशन बाजारात आणले. एका आटोपशीर डब्यात कॅमेरा, मायक्रोफोन, सगळे काही, आणि आवाजाच्या दिशेने वळणारा कॅमेराही. किंमत सहा हजार डॉलरच्या आसपासपासून सुरू. त्याआधी अशा बैठकीच्या खोलीसाठी कंपन्या याच्या कितीतरी पट मोजत. पिक्चरटेलच्या पायाखालची वाळू सरकली. तिने पॉलिकॉमवर पेटंटभंगाचा दावा लावला. एक आक्षेप ध्वनिस्रोत शोधण्याच्या या पेटंटचा, दुसरा उपकरणाच्या पेटीच्या घाटाचा.

अशा दाव्यात न्यायालयासमोर दोन प्रश्न येतात. पहिला हद्दीचा: प्रतिवादीचे यंत्र कलमात लिहिलेली प्रत्येक पायरी खरोखरच चढते का? एक पायरी जरी वेगळी असली, तरी सामान्यतः भंग होत नाही. पॉलिकॉमचे यंत्र 'आरंभ' ओळखते की दुसऱ्याच एखाद्या खुणेवरून चांगले तुकडे निवडते, यावर सगळे अवलंबून. दुसरा प्रश्न मूळ मालकीचा: ही युक्ती त्या काळच्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी होती का? तसे असेल तर पेटंटच रद्द व्हायचे. नॅप-कार्टर यांचे गणित, फ्लॅनगन यांची रचना, कानाविषयीचे प्रयोग, हे सगळे साक्षीला बोलावता येते.

यामागे आणखी एक जुना वाद उभा असतो. गणितावर मालकी सांगता येत नाही, असे अमेरिकेतील न्यायालये मानत आली आहेत. पण १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एक वेगळी वाट दाखवली. रबर साच्यात किती वेळ शिजवायचे हे एका प्रसिद्ध रासायनिक समीकरणाने सतत मोजून साचा आपोआप उघडणारी पद्धत त्या खटल्यात होती. समीकरण कुणाचेच नाही, पण समीकरण वापरून रबर तयार करण्याची संपूर्ण प्रक्रिया पेटंटला पात्र आहे, असे न्यायालय म्हणाले. आवाज ऐकून लोखंडी कॅमेरा वळवणारे यंत्र याच वाटेने आत येते. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ च्या 'के' या पोटकलमाने गणिती पद्धत, निव्वळ संगणकप्रणाली आणि गणनविधी यांना पेटंटातून वगळले आहे. मुंबईच्या पेटंट कार्यालयात असा अर्ज आला, तर परीक्षक आधी हेच विचारील, की यात सूत्राखेरीज प्रत्यक्ष तांत्रिक परिणाम कोणता? दोन देश, दोन कायदे, पण संशय एकच: आकड्यांच्या आडून कुणी विचारावरच कुंपण घालतो आहे का?

निकालाऐवजी खरेदी

या दोन घरांच्या भांडणाचा शेवट नाट्यपूर्ण झाला. २००१ च्या मे महिन्यात पॉलिकॉमने पिक्चरटेललाच विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि ऑक्टोबरात सुमारे ३६ कोटी डॉलरना व्यवहार पुरा झाला. जिने दावा लावला ती कंपनी, जिच्यावर लावला तिच्या मालकीची झाली. पेटंटही तिच्याकडेच आले. हिनमन तोवर पॉलिकॉम सोडून तिसऱ्याच उद्योगात गेला होता. 'पहिला आवाज' ओळखण्याची युक्ती मुळात कुणाची, या प्रश्नाला धंद्याने परस्पर उत्तर दिले: ज्याच्याकडे पैसे त्याची.

यात कुणाचे नुकसान झाले? कंपनीच्या भागधारकांचे झाले-फायदे झाले असतील, तो हिशेब मला करायचा नाही. नुकसान झाले ते प्रश्नाचे. कानाची नैसर्गिक रीत यंत्रात उतरवली तर ती किती प्रमाणात शोध ठरते आणि किती प्रमाणात नक्कल, यावर या निमित्ताने खुल्या न्यायालयात तपशिलात चर्चा झाली असती, साक्षीदार उलटसुलट तपासले गेले असते, ते सर्वांच्या उपयोगी पडले असते. दोन पक्ष एका घरचे झाले की भांडायला कुणी उरत नाही आणि शिकायलाही काही उरत नाही.

पेटंटची मुदत अमेरिकेत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे. १९९६ चा अर्ज म्हणजे २०१६ मध्ये हे कुंपण उतरले. २०१८ मध्ये पॉलिकॉम प्लँट्रॉनिक्स या कंपनीकडे गेली आणि २०२२ मध्ये ती जोडकंपनी एचपीच्या पदरी पडली. दरम्यान २०२० च्या मार्चपासून साऱ्या जगाच्या बैठका, तास, न्यायालयातील सुनावण्या पडद्यावर आल्या. ज्या युक्तीसाठी दोन कंपन्या भांडल्या, तिच्या खऱ्या सुगीच्या वेळी ती युक्ती मोकळी झालेली होती.

भांडणे मात्र थांबली नाहीत, ती छतावर चढली. शिकागोजवळची शूर ही मायक्रोफोन बनवणारी जुनी कंपनी आणि सॉल्ट लेक सिटीची क्लिअरवन यांच्यात २०१७ पासून खटले चालले. वाद होता फॉल्स सीलिंगच्या चौकोनात बसणाऱ्या मायक्रोफोनच्या पट्टीचा. अशी पट्टी अनेक छोट्या मायक्रोफोनच्या साहाय्याने बोलणाऱ्यावर कान रोखते. तिच्याकडून मिळणाऱ्या माहितीवर कॅमेराही वळवता येतो. दिशा शोधण्याचे गणित इथे फारसे वादात नव्हते. वादात होते ते छताच्या चौकटीत पट्टी सपाट बसवणे. २०१९ मध्ये इलिनॉयमधील न्यायाधीश एडमंड चँग यांनी शूरला आपली पट्टी तशा बसवणुकीसाठी विकण्यास तात्पुरती मनाई केली. शूरने बदललेली पट्टीही बहुतेक छतांत सपाट बसू शकते, म्हणून २०२० मध्ये न्यायालयाने आदेशाचा अवमान झाल्याचे ठरवले. शेवटी २०२२ मध्ये तडजोड झाली आणि शूरने ५ कोटी ५० लाख डॉलर दिले. रॅलेची हिरवळ, ब्रॅगची आघाडी, आणि शेवटी छताची फरशी! हद्दीचे दगड अरुंद होत जातात, तशी त्यांच्यासाठीची रक्कम वाढत जाते.

कुणाला बोलणारा म्हणायचे

या सगळ्या कागदांत एक शब्द सतत येतो: स्रोत. जो आवाज शोधायचा तो स्रोत, बाकीचा गोंगाट. माणूस, नाव, हुद्दा, भाषा यांपैकी यंत्राला काहीही माहीत नसते. त्याच्या लेखी जो स्थिर खरखरीच्या वर अचानक उसळतो, तो बोलणारा. हा नियम तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे आणि म्हणूनच मला तो अस्वस्थ करतो. कारण प्रत्यक्ष बैठकीत हळू बोलणारे असतात. वाक्य सुरू करण्याआधी घुटमळणारे असतात. मोठ्यांच्या बोलण्याच्या मध्येच आपला शब्द घालावा लागणारे असतात. त्यांचा आरंभ दुसऱ्याच्या आवाजाखाली दबलेला असतो. पहिले येईल त्याचे खरे, हा न्याय प्रतिध्वनीच्या बाबतीत उत्तम; माणसांच्या बाबतीत तो नेहमी न्याय असेलच असे नाही.

आणि जे हातांनी बोलतात त्यांचे काय? सांकेतिक भाषेत बोलणारी मूकबधिर व्यक्ती खोलीत सर्वांत महत्त्वाचे सांगत असली, तरी आवाजामागे फिरणारा कॅमेरा तिच्याकडे कधीच वळणार नाही. वळलाच तर तिच्या दुभाष्याकडे. ज्या पेटंटवर दोन कंपन्या झुंजल्या त्यात तिला जागा नव्हती, आणि त्यांनी एकमेकींवर केलेल्या आरोपांचा तिच्याशी काही संबंधही नव्हता. मालकी कुणाची, हा प्रश्न विचारता विचारता कुणाकडे वळायचे, हा प्रश्न मागे पडला.

आता नव्या यंत्रणा आवाजाबरोबर चेहराही पाहतात, ओठ हलतात का ते पाहतात, काही हातही पाहू लागल्या आहेत. प्रत्येक नव्या खुणेबरोबर नवे अर्ज दाखल होतील, नवी कलमे लिहिली जातील आणि नवे दावे लागतील. ते लागोत. कायद्याला हद्दी आखाव्याच लागतात आणि मेहनतीने शोधलेल्या युक्तीचा मोबदला शोधकाला मिळायलाच हवा. पण ग्रामसभेत वळणाऱ्या त्या शंभर मानांना एक गोष्ट ठाऊक असते, जी कोणत्याही एकस्वाच्या कलमात मी अजून वाचलेली नाही. मागे वळलेली मान कधी कधी आवाज येण्याच्या आधीच वळलेली असते, कारण कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीला काहीतरी सांगायचे आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलेले असते.